वेल्सच्या खेड्यात हॉट टबवालं कॉटेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँक हॉलिडे जवळ आला, किंवा जून-जुलैत पुण्या-नाशिकहून आई-बाबा यायचे ठरले, की यूकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो : वेल्सला हॉट टबवालं कॉटेज घ्यायचंय, कुठलं घेऊ? पाठोपाठ फोटो येतात. लाकडी डेक, वाफाळतं पाणी, मागे हिरवा डोंगर. फोटो खोटे नसतात. पण घरापर्यंतचा रस्ता त्यांत दिसत नाही, टब तापायला किती वेळ लागतो ते दिसत नाही, आणि आठ जणांचा स्वयंपाक ज्या ओट्यावर करायचा तो केवढासा आहे तेही दिसत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते : घर निवडताना आधी रस्ता बघा, मग किचन, मग न्हाणीघरं किती आहेत ते, आणि टब सगळ्यात शेवटी. प्रश्न मात्र टबाचेच जास्त येतात, त्यामुळे उत्तरंही त्याचीच जास्त आहेत.

वेल्समध्ये नेमकं कुठे घ्यावं?

नकाशावर वेल्स लहान दिसतो, पण दक्षिणेतून उत्तरेला नेणारा मोटरवे नाही. कार्डिफहून वर बँगरकडे जायचं तर डोंगरांतून वळणं घेत चार-साडेचार तास मोडतात. तेव्हा एकाच मुक्कामात सगळं वेल्स बघण्याचा बेत सोडा आणि एक कोपरा धरा.

लंडन, रेडिंग, ब्रिस्टलकडून पहिल्यांदाच येत असाल तर बानाय ब्रुखेनियॉग, म्हणजे ज्याला सगळे ब्रेकन बीकन्स म्हणायचे तो भाग. २०२३ पासून तिथलं राष्ट्रीय उद्यान वेल्श नावच वापरतं. ब्रेकन, क्रिकहाऊवेल, हे-ऑन-वाय ही गावं हाताशी असतात आणि पेन-अ-व्हान हा ८८६ मीटरचा डोंगर धडधाकट माणूस अर्ध्या दिवसात करून येतो. मँचेस्टर-लिव्हरपूलकरांना एरुरी जवळ. स्नोडोनियाचं हे मूळ नाव. अर विद्वा हे १,०८५ मीटरचं वेल्समधलं सर्वोच्च शिखर तिथेच आहे. मुलांना समुद्र हवा असेल तर पेम्ब्रोकशर, पण लंडनहून गाडीत पाच तासांच्या वर बसायची तयारी ठेवा, आणि ऑगस्टमध्ये त्याहून जास्त.

माझा स्वतःचा कौल मधल्या वेल्सला, पोविस परगण्याला. रेअडर, बिल्थ वेल्स, लँड्रिंडॉड वेल्स या गावांच्या आसपास. बर्मिंगहॅमहून अडीच तासांत पोहोचता, भाडं किनाऱ्यापेक्षा कमी पडतं, आणि गर्दी म्हणाल तर मेंढ्यांची. आख्ख्या वेल्समध्येच माणसं ३१ लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्यांच्या जवळपास तिप्पट.

जाहिरातीत नुसतं “हॉट टब” लिहिलंय. म्हणजे नक्की काय मिळणार?

चार गोष्टींपैकी काहीही मिळू शकतं, म्हणून बुकिंगआधी स्पष्ट विचारा.

पहिला, विजेवर चालणारा पक्का अ‍ॅक्रिलिकचा टब. आत बसायला आकार दिलेल्या जागा, पाठीला झोत मारणारी जेट्स, फिल्टर, आणि पाणी चोवीस तास तापलेलं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो हाच. दुसरा, लाकडावर तापणारा गोल टब. दिसायला सगळ्यात देखणा, पण दोन ते चार तास आधी जाळ घालावा लागतो, अधूनमधून लाकडं सारावी लागतात, आणि वर कढत नि खाली गार असं पाणी वल्ह्याने ढवळावं लागतं. ज्यांना बंब पेटवायची हौस आहे त्यांनी जरूर घ्यावा. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा : टबातली चूल पाण्याखाली पूर्ण बुडाल्याशिवाय काडी लावायची नाही, नाहीतर ती जळून जाते आणि भरपाई तुमच्या खात्यातून जाते. तिसरा, हवा भरून फुगवलेला टब. चांगल्या घराच्या जाहिरातीत टब फोटोत नीट दिसत नसेल तर समजा तोच आहे. बुडबुडे सुरू केले की बाहेरची गार हवा पाण्यात जाते आणि जानेवारीत पाणी बघता बघता निवतं. चौथा प्रकार टबाचा नव्हे, मालकीचा : चार-पाच कॉटेजेसमध्ये मिळून एक टब, वेळ लावून वापरायचा. कुटुंबाने जाणार असाल तर हा घेऊ नका.

आम्ही संध्याकाळी पोहोचलो आणि पाणी कोमट! फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. गणित करून बघा. सहा जणांच्या टबात साधारण १,२०० लिटर पाणी मावतं. नळाचं पाणी १० अंशांवर येतं आणि ते ३८ पर्यंत न्यायचं, म्हणजे २८ अंश वाढ. त्याला सुमारे ३९ युनिट वीज लागते. टबाचा हीटर ३ किलोवॉटचा धरला तर तेरा तास. साध्या प्लगवर चालणारा २ किलोवॉटचा असेल तर वीस तास. यात झाकणातून आणि बाजूने जाणारी उष्णता धरलेलीच नाही.

आता वेळापत्रक बघा. आधीचे पाहुणे सकाळी दहाला निघणार, तुम्ही दुपारी चारला येणार. मधल्या सहा तासांत टब रिकामा करायचा, घासायचा, जंतुनाशक फिरवायचं, पुन्हा भरायचा. तापायला उरतात चार तास. तेवढ्यात पाणी अठरा-वीस अंशांपर्यंत आलं तरी हीटरने काम चोख केलं म्हणायचं. हुशार घरमालक यावर उपाय करतात : घराच्या बॉयलरचं गरम पाणी पाइपने टबात सोडतात, किंवा मोठा हीट पंप बसवतात. म्हणून बुकिंग करताना “टब आहे का?” असं न विचारता “पहिल्या रात्री टब किती वाजता वापरता येईल?” असं विचारा. उत्तर “दुसऱ्या दिवशी सकाळी” असं आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. तो माणूस पाणी खरोखर बदलतोय याची ती खूण आहे. उलट आधीचे लोक गेल्यावर दोन तासांत टब ३८ अंशांवर तयार असेल आणि बॉयलर-हीट पंपाचं काही नाव निघत नसेल, तर पाणी जुनंच असण्याची शंका घ्यायला जागा आहे.

पोहोचल्यावर वारंवार झाकण उघडून हात घालून बघणं टाळा. तापत्या पाण्याची वाफ तेवढ्याने निघून जाते. भाताच्या कुकरची शिट्टी काढून बघितल्यासारखंच ते.

पाणी स्वच्छ आहे हे कसं ओळखायचं?

कोमट पाणी आणि हवेत उडणारे बारीक तुषार, लेजिओनेला जिवाणूला हेच हवं असतं. साधारण २० ते ४५ अंशांत तो वाढतो आणि जेट्सच्या तुषारांतून श्वासात जाऊ शकतो. म्हणून भाड्याने दिलेल्या घरातल्या टबांसाठी ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने २०१७ मध्ये सविस्तर नियमावली काढली. सार एवढंच की पाहुणे बदलले की पाणी बदला, टब निर्जंतुक करा, मुक्कामातही क्लोरीन किंवा ब्रोमिनचं प्रमाण तपासा आणि त्याची नोंद ठेवा. त्यामुळे मालक किंवा त्याचा माणूस रोज सकाळी चाचणीच्या पट्ट्या घेऊन अंगणात आला तर कुरकुर करू नका. कुणीच फिरकलं नाही तर मात्र विचारा.

तुमच्या बाजूने साधी परीक्षा : तळाचा स्क्रू स्वच्छ दिसला पाहिजे, कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागता कामा नये, आणि नाकात जाणारा उग्र क्लोरीनचा वास येता कामा नये. वास उग्र म्हणजे औषध भरपूर असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो वास घाम आणि मळाशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे पाणी दमलंय. दोन-तीन दिवसांनी अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखाली, बारीक लाल पुरळ उठलं तर ते टबातल्या जिवाणूंमुळे असू शकतं. घरमालकाला कळवा. आणि परतल्यावर दोन ते दहा दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप असं सगळं एकदम सुरू झालं तर डॉक्टरांना हॉट टबाचा उल्लेख न विसरता करा.

टबात काय घालून उतरायचं? तेल लावलेलं चालेल का?

पोहण्याचे कपडे. सुती गाऊन, सलवार, ओढणी यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि कपड्यातली साबणाची पावडर पाण्यात येऊन दह्यासारखा फेस चढतो. पोहण्याचा पोशाख नको असेल तर पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे मिळतात. आई-मावशींसाठी ते आधीच मागवून ठेवा, ऐन वेळी रेअडरला मिळणार नाहीत.

तेलाचं मात्र मनावर घ्याच. डोक्याला चपचपीत खोबरेल आणि अंगाला बॉडी लोशन लावून तीन जण उतरले की रात्रीत पाण्यावर तवंग येतो, फिल्टर चिकट होतो आणि सकाळी पाणी दुधाळ दिसतं. अशा वेळी पूर्ण टब उपसून भरायचे पैसे मालक लावू शकतो आणि तुमचा एक दिवस जातो तो वेगळाच. आधी साबण लावून शॉवर घ्या, केस वर बांधा. ताजी मेंदी, हळद लागलेले हात हेही नको. चांदीची जोडवी आणि पैंजण क्लोरीनने काळे पडतात, मोत्यांची चकाकी जाते, तेव्हा दागिने आत काढून ठेवा. काचेचे ग्लास तर अजिबात नेऊ नका. पाण्यात फुटलेली काच दिसत नाही, आणि एक तुकडा जरी पडला तरी सगळा टब रिकामा करावा लागतो.

डेक ओला असतो आणि हिवाळ्यात त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. दारापासून टबापर्यंत रबरी चपला घालूनच जा.

आई-बाबांना रक्तदाब आहे, मुलगा तीन वर्षांचा आहे, वहिनी गरोदर आहेत. कोण बसू शकतं?

गरोदर असताना टाळावं असंच एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते, कारण हॉट टबाचं पाणी ४० अंशांपर्यंत जातं आणि शरीराला तापमान उतरवता येत नाही. वहिनींनी काठावर बसून पाय सोडावेत, तेवढं पुष्कळ.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी इथे येण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, आणि गोळी चालू असेल तर उठून उभं राहताना डोळ्यांसमोर अंधारी येते. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी तापमान ३६च्या आसपास उतरवा, दहा-पंधरा मिनिटं बसा, उठताना दुसऱ्या कुणाचा तरी हात धरा. दारू पिऊन कुणीच बसू नये, तरुणांनीही नाही.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना बरेच मालक टबात घेऊच देत नाहीत आणि ते बरोबर आहे. लहान अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. त्याहून मोठी मुलं थोडा वेळ, मोठं माणूस शेजारी असताना, डोकं पाण्याबाहेर ठेवून. टब वापरात नसेल तेव्हा झाकणाची कुलपं लावलेली हवीत.

पाऊस पडला तर?

पडेलच. एरुरीच्या डोंगरांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही, बारा महिने पुरवून पुरवून पडतो. पण टबात बसल्यावर पावसाचा त्रास कमी आणि मजा जास्त. डोक्यावर लोकरी टोपी घाला. त्रास देतो तो वारा. म्हणून टब भिंतीच्या आडोशाला आहे की उघड्या माळावर, हे फोटोत बघून घ्या. विजा चमकायला लागल्या की मात्र लगेच बाहेर.

आभाळ मोकळं असेल तर टबातले रंगीत दिवे बंद करा आणि वर बघा. बानाय ब्रुखेनियॉगला २०१३ मध्ये आणि एरुरी व ईलन व्हॅलीला २०१५ मध्ये गडद आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा उघड्या डोळ्यांनी दाखवायचा असेल तर अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. इथे आपलं कालनिर्णय कामाला येतं. जूनमध्ये मात्र हे जमणार नाही, दहा वाजेपर्यंत उजेडच असतो.

कधी जावं? भाडं कधी कमी असतं?

शाळेच्या सुट्ट्या सोडून कधीही. जुलैअखेरपासून पूर्ण ऑगस्ट, ईस्टर, आणि फेब्रुवारी, मे, ऑक्टोबरमधली हाफ टर्म या काळात भाव चढलेले असतात. बहुतेक घरं शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री अशी मिळतात. चार रात्रींचं भाडं बऱ्याचदा तीनच्या बरोबरीने किंवा कमीच असतं, तेव्हा रजा मिळत असेल तर आठवड्याचे मधले दिवस घ्या.

स्थानिक कार्यक्रमही तपासा. मेअखेरीस हे-ऑन-वायला साहित्य महोत्सव असतो, जुलैत बिल्थ वेल्सशेजारी रॉयल वेल्श शो हे चार दिवसांचं प्रचंड शेतकी प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत आसपास गोठासुद्धा रिकामा मिळत नाही. उलट प्रदर्शनच बघायचं असेल तर वर्षभर आधी बुकिंग करा. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या स्पर्धा बघण्यासारख्या असतात.

टबासाठीच जायचं असेल तर माझं उत्तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा आरंभ. जुलैच्या उन्हात ३८ अंशांच्या पाण्यात बसायला कोण जाणार!

भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का? रस्ते कसे आहेत?

पाहुणे म्हणून आलेल्यांना वैध भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत छोटी गाडी चालवता येते. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्यांच्या वयाच्या आणि कागदपत्रांच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा. बाजू आपलीच, डावी. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसं नमूद करून बुक करा.

मोटरवे सोपा आहे आणि सेव्हर्न नदीवरच्या पुलांचा टोलही डिसेंबर २०१८ पासून बंद झालाय. खरी परीक्षा शेवटच्या चार-पाच मैलांत. एकाच गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपणझुडपं, समोरून ट्रॅक्टर. अशा ठिकाणी दर थोड्या अंतरावर रस्ता किंचित रुंद केलेला असतो, तिथे थांबून समोरच्याला वाट द्यायची. ती जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे जायचं असा रिवाज आहे, म्हणजे रिव्हर्स घेता आलाच पाहिजे. वाट दिली की हात वर करतात. तुम्हीही करा. भाड्याने सात सीटर घेण्यापेक्षा दोन लहान गाड्या परवडतात, पैशांत नव्हे पण जिवाला.

सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे, म्हणजे ३२ किलोमीटर. इंग्लंडच्या सवयीने ३०ने गेलात तर दंडाचं पत्र घरी येतं. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत “अराव्ह” रंगवलेलं दिसलं की वेग कमी करा. आणि पहिल्या दिवशी काहीही झालं तरी उजेडात पोहोचा. डिसेंबरात चारलाच अंधारतं, आणि गल्लीत दिवे नसतात.

गाडी नसेल तर?

अवघड आहे. रेल्वेने श्रूजबरीहून माखुनथ्लेथ आणि अ‍ॅबरिस्टविथला जाता येतं. श्रूजबरी ते स्वान्सी ही हार्ट ऑफ वेल्स लाइन लँड्रिंडॉडवरून जाते, फार सुंदर आहे, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. स्टेशनच्या चालत्या अंतरावर घर मिळालं तरच विचार करा. शेतातल्या घराजवळ उबर येत नाही.

मोबाइलला रेंज असते का?

दरीत नसते, असंच धरून चाला. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, मालकाने पाठवलेला रस्त्याचा मजकूर कागदावर छापा, की-सेफचा, म्हणजे दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचा, आकडा लिहून ठेवा. दाराशी पोहोचून तो ई-मेल उघडायचा म्हटलं तर उघडत नाही. घरात वायफाय बहुधा असतं, पण “तिथून ऑफिसचं काम करेन” म्हणणाऱ्यांनी आधी वेग विचारावा.

किचनमध्ये आपला स्वयंपाक जमतो का?

जमतो, थोडी तयारी लागते. जुन्या शेतघरांत अनेकदा अ‍ॅगा किंवा रेबर्नची ओतीव लोखंडी शेगडी असते. ती कायम तापलेली असते पण आच पटकन कमी-जास्त होत नाही, पोळ्यांना फार छान, फोडणीला त्रासाची. नूतनीकरण केलेल्या घरांत इंडक्शन असतं, त्यावर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. स्टीलच्या तळाचा घेऊन जा. तवा, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा आणि चहाची गाळणी घरूनच न्या.

फोडणी टाकण्यापूर्वी चिमणी किंवा पंखा लावा, खिडकी उघडा, किचनचं दार लावून घ्या. लाल मिरची तेलात पडली की स्मोक अलार्म वाजणार हे ठरलेलं. अलार्मवर टॉवेल बांधू नका, भाडेकरारात त्याला सक्त मनाई असते. सुकट, बोंबील असलं काही भाजायचं असेल तर तो बेत घरी परतल्यावर करा. लाकडी तुळयांना आणि गालिच्यांना वास धरला की साफसफाईचे जादा पैसे लागतात.

कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, डाळी वाटेतल्या शहरातून घ्या. डोंगरात सुपरमार्केट वीस-पंचवीस मैलांवर असू शकतं, आणि रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात.

बाहेर शाकाहारी काय मिळेल?

ग्लामॉर्गन सॉसेज मागा. नाव सॉसेज असलं तरी आत केअरफिली चीज, लीक आणि ब्रेडचा चुरा असतो, मांस नाही. वेल्श रेअरबिट म्हणजे चीजचा दाट लेप दिलेला टोस्ट, पण त्यात बहुधा बिअर आणि वूस्टर सॉस असतो, आणि त्या सॉसमध्ये मासा. विचारून घ्या. काऊल हे रस्सेदार सूप सहसा मटणाचं.

पोहोचल्यावर टेबलावर मालकाने “बारा ब्रिथ” नावाचा केक ठेवलेला असतो, चहात भिजवलेल्या मनुकांचा, किंवा वेल्श केक्स. तव्यावरचे हे केक्स जुन्या पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात, आता बहुतेक ठिकाणी लोणी वापरतात. घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, मालक आनंदाने दुसरं काही ठेवतात.

सेप्टिक टँक आहे असं लिहिलंय. काही काळजी?

टॉयलेटमध्ये कागदाशिवाय काही टाकायचं नाही. ओले वाइप्स तर नाहीच, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. कितीतरी घरांना पाणी स्वतःच्या झऱ्याचं किंवा बोअरचं असतं, ते तपासलेलं असतं आणि चवीला उत्तम.

मेंढ्या, कुत्री, शेतातून जाणाऱ्या वाटा?

पिवळ्या बाणाची पाटी म्हणजे पायवाटेचा सार्वजनिक हक्क, शेत खासगी असलं तरी जाता येतं. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मार्च-एप्रिलमध्ये कोकरं जन्मतात. त्यांना मुलांनी उचलू नये आणि कुत्रा पट्ट्यातच हवा. गाभण मेंढीमागे कुत्रा लागला तर शेतकऱ्याचं मोठं नुकसान होतं.

कुणी आजारी पडलं तर?

तातडीला ९९९, बाकी सल्ल्याला १११. डोंगरात अडकलात तर ९९९वर पोलीस मागा आणि माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगा. पोविस परगण्यात मोठं जिल्हा रुग्णालयच नाही. गंभीर रुग्णाला हेरफर्ड, श्रूजबरी किंवा अ‍ॅबरिस्टविथला न्यावं लागतं. म्हणून वयस्कर पाहुणे सोबत असतील तर नेहमीच्या गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवसांच्या जास्त ठेवा. भारतातून आलेल्यांचा प्रवास विमा हवाच. ए अँड ई, म्हणजे तातडीच्या विभागातले उपचार मोफत असले तरी दाखल करून घेतलं की बिल लागतं.

आसपास आपल्या माणसांना बघण्यासारखं काय?

वेल्शपूलजवळचा पोविस कॅसल चुकवू नका. रॉबर्ट क्लाइव्ह आणि मद्रासचा गव्हर्नर झालेला त्याचा मुलगा एडवर्ड यांनी भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह तिथे आहे. टिपू सुलतानाचा फुलांच्या छापाचा तंबू तिथेच. त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं व्याघ्रमुखही. बघताना अभिमान आणि संताप दोन्ही एकदम येतात.

कारमार्थनशरमध्ये स्कंदा वेल हा आश्रम आहे, १९७३ पासूनचा. मुरुगन, शक्ती, विष्णू यांची मंदिरं, रोजच्या पूजा, आणि आल्यागेल्याला जेवण. जाण्याआधी तीन दिवस मांस, मासे, अंडी वर्ज्य करावीत अशी त्यांची विनंती असते, म्हणजे पेम्ब्रोकशरला मासे खाऊन परतताना जाण्याचा बेत बसत नाही. जाताना आधी करा. २००७ मध्ये क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आल्याने सरकारने मारलेला शंभो नावाचा बैल इथलाच. तेव्हा ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं.

रेअडरला गिग्रिन फार्मवर दुपारी तांबड्या घारींना मांस टाकतात, शेकड्याने घारी झेपावतात. ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झालेली ही घार मधल्या वेल्सच्या दऱ्यांत तेवढी टिकून राहिली होती. तिथूनच पुढे ईलन व्हॅलीची धरणं.

तिथल्या लोकांना आपण आलेलं आवडतं का?

पाहुणा म्हणून आवडतं. पण गावातली घरं बाहेरच्यांनी विकत घेऊन सुट्टीपुरती ठेवायची आणि गावच्या पोरांना घर परवडू नये, ही तिथली जुनी जखम आहे. १९७९ नंतरच्या दशकात अशी कितीतरी घरं जाळलीही गेली. ईलनची धरणं बर्मिंगहॅमच्या पाण्यासाठी बांधली, पाणी आजही ७३ मैल नुसत्या उतारावरून तिकडे जातं. बाला या गावाजवळ कापेल केलिन हे सबंध गाव १९६५ मध्ये लिव्हरपूलसाठी बुडवलं. मुळशी ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको.

आता कायदे कडक झालेत. एप्रिल २०२३ पासून घराला व्यवसायाचा दर्जा टिकवायचा तर ते वर्षात १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने जावं लागतं. ऑफ सीझनला मालक घासाघीस ऐकून घेतात ते यामुळेही. शिवाय २०२५च्या कायद्याने कौन्सिलांना पर्यटक कर लावायची मुभा मिळाली आहे. २०२७ पासून काही भागांत माणशी एका रात्रीला १ पाउंड ३० पेन्सच्या हिशेबाने तो बिलात दिसू शकतो.

तुमच्याकडून अपेक्षा साध्या असतात. रात्री दहानंतर टबात गाणी नकोत, दरीत आवाज मैलभर जातो. एखादा किराणा गावातल्याच दुकानातून घ्या. भेटल्यावर “बोरे दा” म्हणा, सुप्रभात झालं.

निघताना काय आवरून जायचं?

भांडी धुऊन, कचरा वेगळा करून. वेल्समध्ये वर्गीकरण कडक आहे : अन्नाचा डबा वेगळा, काच वेगळी, कागद वेगळा. पाण्यात तुम्ही काही औषध टाकू नका आणि टब उपसूही नका, ते मालकाचं काम. झाकण लावा, कुलपं अडकवा, फ्रीजमधली उरलेली भाजी सोबत घ्या. दहा म्हणजे दहाला बाहेर पडा, कारण साफसफाईवाली बाई फाटकाशी येऊन थांबलेली असते आणि तिला बाराशे लिटर पाणी पुन्हा तापवायचं असतं.